फुटवाचं की फुटव्याचं

सर गेले तेव्हा मी चहा गाळत होते. आतून त्यांनी विचारलं, साखर घातलीस का. मी हो म्हटलं. त्यावर उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेरच्या फळ्यावर कोणीतरी खडूने लिहिलं, 'आमचे फुटवा सर गेले.' संध्याकाळपर्यंत बातमी याच शब्दांत गावभर फिरली. तिसऱ्या दिवशी सरांचे सोलापूरकडचे एक लांबचे मामा भेटायला आले. बराच वेळ चुळबुळत बसले आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, आडनाव कधी बदललंत?"

मला हसू आलं. घरातलं माणूस जाऊन तीन दिवस झालेले, समोर बायका नाकाला पदर लावून बसलेल्या, आणि मी तोंडावर पदर घेऊन गदगदत होते. बायकांना वाटलं, आता कुठे हिला मोकळं रडू आलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. ते नाव सरांना कसं चिकटलं, ते पूर्ण ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, आणि त्यात थोडा हात माझाही आहे. म्हणून लिहिते. मला लिहायला वेळ लागतो. एका वाक्यानंतर उठून खिडकीशी जाऊन यावं लागतं.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. सगळे 'सर' म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. लग्नानंतर घरी 'अहो' म्हणण्याचा प्रयत्न आठवडाभर केला आणि सोडून दिला. माझी नोकरी कायम होती, त्यांची नव्हती. दर जूनमध्ये त्यांना नवी ऑर्डर मिळायची आणि एप्रिल संपला की ती संपायची. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ते कोकणातल्या एका कॉलेजात होते आणि मी इथे. दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही नवरा-बायको असायचो, बाकीचे महिने आंतरदेशीय पत्रं. मग बारामतीत जागा निघाली आणि आमचा एकत्र संसार सुरू झाला, तोही एकेका ऑर्डरपुरता.

माझे वडील, आबा, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला ऊस करायचे. शिक्षण चौथी. "पोरगी पर्मनंट आन जावाई टेम्पररी," असं ते लग्नाच्या याद्यांच्या बैठकीतच बोलले होते, चार माणसांच्या देखत, आणि पुढे तो शब्द त्यांनी सोडलाच नाही. आम्ही बावड्याच्या स्टँडवर उतरलो की लांबूनच हाक यायची, "या, टेम्पररी पाव्हणं!" सरांना याचा राग येत नसे. ते आबांना पत्र लिहीत तेव्हा खाली सही करत, 'आपला टेम्पररी'.

तर एका डिसेंबरात, रविवारी, आम्ही बावड्याला गेलो होतो. आबा लावणीच्या उसात वाकून एकेक कोंब हाताने मोडत चालले होते. मी बांधावर हुरडा खात बसले होते. सर आबांच्या मागे मागे, पँट गुडघ्यापर्यंत वर करून.

"आबा, चांगला वाढलेला कोंब मोडताय कशाला?"

"जेठा हाय त्यो."

जेठा म्हणजे कांडीतून पहिल्यांदा वर येणारा दांडगा कोंब. तो मोडला की बुडख्यातून बाजूने कोंब येतात, ते फुटवे. फुटवे जास्त तर ऊस जास्त. आमच्याकडे हे शाळेत जायच्या आधी कळतं. सर मात्र शहरात वाढलेले.

"पण मोडल्यावरच का येतात?"

"का म्हंजी? थोरला घरात आसला की धाकल्यांचं काय चालतंय व्हय? त्येला काढला की बाकीचं डोकं वर काढत्यात."

सर त्यांच्या घरातले थोरले. त्यांनी एकदा मान हलवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "फुफ्फुसात कुणी जेठा मोडत नाही. तरी फुटवे येतात."

आबा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "कुणाच्या फुफ्फुसात? बोकडाच्या?"

"बोकडाच्या, माझ्या, तुमच्या."

"माझ्यात न्हाय फुटवं-बिटवं."

सर तिथेच उकिडवे बसले आणि काडीने मातीत आकृती काढू लागले. आईच्या पोटात असताना आधी एक नळी असते. तिला खाली दोन कोंब येतात, एक डावा, एक उजवा. कोंबाचा शेंडा वाढतो, मग चपटा होतो, त्याच्या मधोमध खळी पडते आणि एकाचे दोन होतात. त्या दोघांचेही तसेच दोन-दोन. कुठे शेंडा सरळ पुढे जातो आणि त्याच्या बगलेतून नवा कोंब निघतो. असं होत होत सगळं झाड तयार होतं, उलटं, बुंधा वर आणि फांद्या खाली. ना कुणी छाटत, ना कुणी मोडत.

आबांनी ती आकृती बराच वेळ पाहिली. "आन फुटायचं कुठं, ते कोण सांगतंय त्या नळीला?"

सरांचा चेहरा उजळला. हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा म्हणून ते वर्षानुवर्षं वाट बघत होते. ते सांगू लागले, की कोंबाच्या भोवती मऊ ऊतींचा एक थर असतो, पुस्तकात त्याला मेसेंकाइम म्हणतात. शेंड्याजवळचा तो थर काढून वरच्या साध्या नळीला, जिथे कधी कोंब येत नाही तिथे, नेऊन लावला, तर तिथेही कोंब फुटतो. उलट त्या साध्या नळीभोवतीचा थर आणून शेंड्याला लावला, तर शेंडा फुटायचा थांबतो. हे करून पाहिलेलं आहे.

आबांनी खाली वाकून ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. "म्हंजी कोंबाचा गुण न्हाय ह्यो. मातीचा गुण हाय."

"माती!" सर ओरडले आणि उठून उभे राहताना त्यांचा डावा पाय पाणी दिलेल्या सरीत गेला. "आबा, माती! पुस्तकात हे सांगायला त्यांना अकरा पानं लागली!"

ते तसेच बोलत बोलत वस्तीपर्यंत आले. पायात एकच चप्पल होती. दुसरी चिखलात राहिली, हे त्यांना मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. आबांनी सरीत हात घालून शोधली, मी शोधली, मिळाली नाही. उरलेली उजवी चप्पल मी टाकायला निघाले तर सरांनी हातातून काढून घेतली. "राहू दे. तिला फुटवा येईल."

ती चप्पल आम्ही एसटीने बारामतीला आणली. माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती.

त्यानंतरच्या सोमवारी सर वर्गात बोकडाचं फुफ्फुस घेऊन गेले. मटणाच्या दुकानातले चाचा त्यांना ते ओळखीवर देत असत, वर "सर, रस्सा छान होईल" असंही सांगत. सरांनी श्वासनलिकेत सायकलचा पंप लावला आणि हवा भरली. गुलाबी पिशवी टेबलावर फुगून उभी राहिली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने बाक मागे सरकवला, तो आवाज मला खाली ग्रंथालयात ऐकू आला.

"ही झाली तोडणीला आलेली बाग," सर म्हणाले म्हणे. "आता हिची लागण कशी झाली ते बघू." मग त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या काढल्या. कोंबडीचं फुफ्फुस पुढे वेगळ्या वाटेने जातं, पण सुरुवात हीच. आणि तिसऱ्या वर्षाच्या त्या वर्गाला, ज्याला इंग्रजी शब्दांनी तीन वर्षं गप्प बसवलं होतं, त्यांनी एकच शब्द दिला. फुटवा.

नऊ विद्यार्थी होते. बहुतेक इंदापूर-बारामतीच्या उसाच्या घरांतले. ते बोलायलाच लागले.

"सर, लाळेच्या ग्रंथीला पण फुटवा?"

"तिलाही. मूत्रपिंडालाही."

"मग सर, फुफ्फुसाला खोडवा येतो का?" हे मागच्या बाकावरून. खोडवा म्हणजे तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यातून येणारं दुसरं पीक.

"नाही येत. म्हणून तू कँटीनच्या मागे जाऊन बिडी ओढू नकोस."

त्या वर्षी त्या वर्गात कुणी गैरहजर राहिलं नाही. पण नऊ म्हणजे नऊच. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की एवढ्या मुलांसाठी हा विषय चालवणं कठीण आहे. सगळे रसायनशास्त्राकडे जातात, तिथे कारखान्यात नोकऱ्या आहेत. यंदाचा निकाल आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा शेरा बघू, मग पुढच्या वर्षीचं ठरवू. विषय बंद म्हणजे जूनची ऑर्डर नाही. ऑर्डर नाही म्हणजे परत कुठलं तरी कोकण, परत आंतरदेशीय पत्रं. त्या रात्री जेवताना सरांनी भाताला दोनदा मीठ घातलं.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा झाली. परीक्षक पुण्याहून आले. वयाने पंचावन्नच्या आसपास, चष्मा, पांढरा बुशशर्ट, फार हळू बोलणारे. विषयातले जाणते होते आणि आपण जाणते आहोत याची त्यांना काळजी होती.

पुढचं घडलं ते माझ्यासमोर नाही, नंतर कळलं. परीक्षकांनी उत्तरपत्रिका वाचायला घेतल्या. पहिल्या उत्तरपत्रिकेत, इंग्रजीत, वाक्याच्या सुरुवातीलाच फुटवा आला होता, म्हणून मुलाने नियमाप्रमाणे त्याचा एफ मोठा काढला होता. उरलेल्या आठांनी वर्षभर त्याच मुलाच्या वहीवरून उतरवून घेतलेलं, त्यामुळे त्यांनी वाक्याच्या मध्येही एफ मोठाच ठेवला. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नसतं. एफच्या उंचीने काही बिघडेल, हे त्यांच्या ध्यानात येणार तरी कसं? पण परीक्षकांना प्रत्येक पानावर एक माणूस दिसू लागला. 'फुफ्फुसाची वाढ फुटवावर अवलंबून असते.' 'फुटवा भोवतालच्या ऊतींना महत्त्व देतो.'

हा माणूस त्यांनी वाचलेला नव्हता. नाव मात्र जपानी वाटलं.

तोंडी परीक्षेला पहिली आली ती निमगाव केतकीची मुलगी, तीच बाक मागे सरकवणारी. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, फुटवा कोण?

तिला प्रश्नच समजेना. तिच्या गावात फुटवा कोण असं कुणी विचारत नाही. "सर," ती इंग्रजीत चाचपडत म्हणाली, "फुटवा बाजूने येतो."

"कुठल्या बाजूने? जपान?"

"येस सर," ती म्हणाली.

तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणतील त्याला येस सर म्हणायचं, हे आम्हीच तिला शिकवलेलं होतं. तिच्यानंतरच्या आठ जणांनीही जपानला होकार दिला. एकाने तर टोकियो म्हटलं.

मग चहा आला. परीक्षकांनी बशीत बिस्किट ठेवत सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे फुटवाचं काम माझ्या पाहण्यातून सुटलं. अलीकडचं आहे का?"

सरांनी त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण सरांची डावी भुवई हा त्यांच्यापेक्षा वेगळा माणूस होता. ती वर गेली की सरांच्या हातात काही राहत नसे.

"बरंच जुनं आहे, सर," ते म्हणाले. "पण आपल्याकडे दुर्लक्षित राहिलं."

"प्रयोगशाळेतलं?"

"नाही. फुटवाचं काम बहुतेक फील्डवर्क आहे."

"प्रकाशित?"

"दर हंगामात."

परीक्षकांनी गंभीरपणे मान हलवली आणि चहा संपवून, जेवायच्या आधी, कुणाला न सांगता खाली ग्रंथालयात आले.

ग्रंथालयात त्या वेळी दोनच माणसं होती. एक मी. दुसरे आबा. त्यांच्या विहिरीवरची मोटर जळली होती, ती वायंडिंगला घेऊन ते पहाटेच्या गाडीने बारामतीला आले होते. दुकानदाराने दुपारनंतर बघू म्हटलं, तेव्हा पोत्यात गुंडाळलेली मोटर घेऊन ते माझ्याकडे आले, वाचनकक्षातल्या पंख्याखालच्या बाकावर आडवे झाले, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं आणि पाय मोटरवर ठेवून झोपले.

परीक्षकांनी गर्भशास्त्राचं नवं पुस्तक मागितलं. मी दिलं. त्यांनी उभ्याउभ्या मागची सूची काढली, एफच्या रांगेवरून दोनदा बोट फिरवलं. मग पुस्तक मिटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याकडे फुटवाचं काही आहे का?"

"फुटव्याचं? आहे ना. शेतीच्या कपाटात, खालचा कप्पा. ऊस लागवड."

"नाही, नाही. फुटव्याचं नव्हे. फुटवाचं. नाव आहे ते. तुमच्या इथल्या सरांनीच सांगितलं, फील्डवर्क आहे म्हणून."

त्यांनी 'य' गाळला होता, दोनदा, ठासून. वस्तू असेल तर फुटव्याचं, माणूस असेल तर फुटवाचं. त्या एका नसलेल्या 'य'मधून मला आख्खी सकाळ दिसली. सरांची भुवई दिसली. आणि तिच्या मागोमाग जून दिसला.

"कार्ड शोधते," मी म्हटलं. "आपण जेवून या."

ते गेले. माझ्याकडे अर्धा तास होता. तोंडावर सांगावं की साहेब, तो उसाचा कोंब आहे, तर हा माणूस सकाळभर त्याला कुणी शास्त्रज्ञ समजून बसलाय. खजील झालेल्या माणसाच्या हातात शेरा लिहायचं पेन होतं. न सांगावं, तर पुण्याला परत जाऊन हा माणूस चार जणांना विचारेल आणि मग येणारं पत्र शेऱ्यापेक्षा वाईट असेल. आणि खोटं मला सांगता आलं नसतं. नसलेलं पुस्तक आहे असं ग्रंथपालाने कधी म्हणू नये. पण असलेलं पुस्तक नाही असंही म्हणू नये. मी बाकाकडे पाहिलं. वर्तमानपत्र श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

मी टंकलेखन यंत्रात कोरं कार्ड घातलं.

सगळ्यात जास्त वेळ वर्गांकाला लागला. प्राण्यांच्या गर्भवाढीचा क्रमांक ५९१.३, उसाचा ६३३.६१. शेवटी पहिला दिला आणि खाली दुसऱ्याकडे 'पाहा' लिहिलं. लेखकाच्या जागी आबांचं पूर्ण नाव, आडनाव आधी. शीर्षक: फुटवा. स्थळ: बावडा, ता. इंदापूर. वर्ष: दरवर्षी. पृष्ठे: मोजलेली नाहीत. स्वरूप: मौखिक. आणि शेवटी, उपलब्धता: लेखक सध्या वाचनकक्षात आहेत.

एवढं करून मी ते फ अक्षराच्या खणात, बरोबर जागी, तारेत ओवलं. हे सगळं नियमाने केलं, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं.

परीक्षक बडीशेप चघळत आले. मी खण ओढून पुढे केला. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर चघळणं थांबलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तालुका इंदापूर," ते म्हणाले.

"हो सर."

"जपान नव्हे."

"नाही सर. उसाला बाजूने येतो ना कोंब, तो फुटवा."

पंखा फिरत होता. परीक्षकांनी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग अगदी हळू, स्वतःशीच, जीभ लावून पाहावी तसं म्हणाले, "फुटव्याचं."

'य' जागेवर आला होता.

"लेखक वाचनकक्षात आहेत असं लिहिलंय इथे."

"तुमच्या मागे झोपलेत, सर."

मी आबांना हलवलं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. "मोटर झाली?"

"नाही. साहेब आलेत, त्यांना फुटव्याचं विचारायचंय."

आबा उठून बसले, टोपी घातली, परीक्षकांना नीट न्याहाळलं. "कारखान्याचं का तुमी?"

"नाही. पुण्याहून आलोय."

"मंग ऊस कशाला इचारताय?"

"उसाचं नाही. फुफ्फुसाचं विचारतोय."

"हां हां. मंग ते जावयाला इचारा. टेम्पररी हाय, पर हुशार हाय."

लग्नाला पाच वर्षं होत आली होती. हुशार हा शब्द मी आबांच्या तोंडून सरांबद्दल पहिल्यांदा ऐकला. सरांनीही. कारण परीक्षक सापडेनात म्हणून ते धावत खाली आले होते आणि दारात उभे होते, भुवया दोन्ही जागेवर.

"बसा की," आबा परीक्षकांना म्हणाले, आणि ते खरंच बसले, मोटरच्या पलीकडे. "तुमी मोठं साहेब दिसताय. मला एक सांगा. ह्यो म्हणतुय नळीला फुटवा, फुटव्याला फुटवा, त्येच्या बी पोटी फुटवा. बरं. आमचा ऊस आमी तोडतू तवा थांबतुय. बोकडाच्या आत कोण कोयता घिऊन बसलंय? बास आता, म्हणून कोण सांगतंय?"

परीक्षकांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता व्याख्यान येणार. ते म्हणाले, "ते अजून नीटसं कळलेलं नाही."

"तुमाला न्हाय, का कुनालाच न्हाय?"

"कुणालाच."

"मंग बरं," आबा म्हणाले, आणि समाधानाने परत आडवे झाले.

परीक्षकांनी आडव्या झालेल्या आबांकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसणं दाबायची सवय असलेला माणूस होता. ते त्यांच्या पोटातून वर येऊन चष्म्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. सरांजवळून जाताना ते एवढंच बोलले, "दर हंगामात, काय?"

शेरा इंग्रजीत होता. विद्यार्थ्यांना विषय समजला आहे, अशा वर्गासाठी तो चालू राहावा, मात्र त्यांनी रूढ पारिभाषिक शब्द वापरावेत. आणि स्थानिक शब्द वापरायचाच झाला तर त्याचा एफ लहान काढावा.

सर माझ्यावर दोन दिवस रुसले. "मी संध्याकाळी सांगणारच होतो. आठवडाभर तरी जपानी राहू द्यायचा होतास." मी म्हटलं, संध्याकाळी शेरा लिहून झाला असता. तिसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले, फ चा खण ओढला, कार्ड काढून तांबड्या पेनने मागे काहीतरी लिहिलं आणि परत ओवलं. मी ते लगेच वाचलं नाही. माझाही थोडा रुसवा शिल्लक होता.

जूनमध्ये ऑर्डर आली. पुढच्या वर्षी वर्गात सतरा मुलं बसली, त्यातली निम्मी फुगलेलं फुफ्फुस बघायला. माझं कार्ड वाचून त्यांनी सरांना 'फुटवा सर' म्हणायला सुरुवात केली. नंतर सर कायम झाले. पेढे घेऊन आम्ही बावड्याला गेलो तेव्हा आबांनी पेढा तोंडात टाकला, ऑर्डर उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "आता तुमाला काय म्हणायचं मंग?" आणि स्टँडवर सोडायला आले तेव्हा कंडक्टरला ओरडून सांगितलं, "आमच्या टेम्पररीला खिडकी द्या."

सर गेले त्या दिवशी, जिथून हे सुरू केलं, आबा शेवटच्या गाडीने आले. दिवसभराची माणसं गेल्यावर भिंतीला टेकून बसले. टोपी हातात होती. "टेम्पररी म्हणत हुतो मी त्येला," ते म्हणाले. "ह्या तोंडाला काय आवर हाय का माझ्या?"

"त्यांना आवडायचं, आबा."

"खरं सांगतीस?"

मी कपाटातून सरांची अर्धी राहिलेली पत्रं काढली. आबांना लिहायला घेतलेलं एक त्यात होतं. मजकूर दोन ओळींचा, उसाच्या भावाबद्दल, पुढे कोरं. पण खाली नेहमीची सही त्यांनी आधीच करून ठेवली होती. आबांनी ते पत्र घडी करून टोपीत ठेवलं.

आता आबाही नाहीत. त्यांनी विचारलेलं मी अधूनमधून नव्या पुस्तकांत शोधते. थांबण्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. आबांना बांधावर सांगता येईल असं एक वाक्य मला अजून मिळालेलं नाही. कॉलेजात संगणक आल्यावर कार्डांची लाकडी कपाटं रद्दीत गेली. जाण्याआधी मी फ चा खण उघडून ते एक कार्ड तारेतून काढून घेतलं. नियमाने काढायला नको होतं. मागे तांबड्या शाईत सरांचं अक्षर आहे: 'लेखकाकडे वाचकाची डावी चप्पल बाकी.'

कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. उजवी चप्पल दारामागे आहे. ती अजून एकच आहे.